आधी प्रकाश, मग अंतर, मग लेन्स

कृष्णधवल व्यक्तिचित्रासाठी कोणत्या फोकल लेंग्थची लेन्स घ्यावी, या प्रश्नाचे एक तयार उत्तर छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत सापडते: ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर ८५ ते १३५ मिमी. उत्तर चुकीचे नाही, पण ते स्टुडिओतले आहे. स्टुडिओत दिवा हलवता येतो, पडदा मागे सरकवता येतो, खुर्ची हवी तिथे ठेवता येते. नैसर्गिक प्रकाशात यातले फारसे काही हातात नसते. खिडकी आहे तिथेच राहते, ओट्याची रुंदी वाढत नाही आणि बाजारात मागे सरकायला जागा नसते. त्यामुळे निवडीचा क्रम उलटा होतो. चेहऱ्यावर चांगला प्रकाश कुठे पडतो ते आधी पाहायचे. त्यावरून माणूस कुठे बसणार हे ठरते. त्यावरून छायाचित्रकाराला उभे राहायला किती जागा उरते हे कळते. आणि मग त्या जागेला साजेल ती लेन्स लावायची.

बंगळूरच्या बसवनगुडीत काम करताना या क्रमाचा पदोपदी प्रत्यय येतो. १८९८ मध्ये शहरात प्लेग आल्यानंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वस्त्या मोकळ्या हवेसाठी आखून वसवल्या गेल्या. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस, दोन्ही बाजूंना झाडे, आणि कंपाउंडच्या आत ओटा किंवा व्हरांडा असलेली कौलारू घरे अशी ही मूळची रचना. आता पुष्कळ घरांच्या जागी अपार्टमेंट उभ्या राहिल्या असल्या, तरी उरलेल्या घरांचे ओटे, गांधी बझारची फूटपाथवरची फुलांची दुकाने आणि नंदीच्या देवळाकडे जाणारा बुल टेंपल रोड एवढ्या परिसरात नैसर्गिक प्रकाशाचे बहुतेक सगळे प्रकार चालत गाठता येतात.

अंतर आणि चेहऱ्याची ठेवण

लांब लेन्सने चेहरा सपाट होतो आणि रुंद लेन्सने नाक मोठे होते, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात चेहऱ्याची ठेवण बदलते ती अंतराने. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटिमीटर अंतर धरू. कॅमेरा नाकापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर कान ७२ सेंटिमीटरवर पडतो आणि कानाच्या मानाने नाक २० टक्के मोठे उमटते. दीड मीटरवर हाच फरक ८ टक्क्यांवर येतो आणि अडीच मीटरवर ५ टक्क्यांच्या आत. त्या जागेवरून कोणतीही लेन्स लावली तरी हे प्रमाण तेच राहते. समोरच्या दृश्याचा केवढा तुकडा चौकटीत घ्यायचा, एवढेच लेन्स ठरवते.

तरीही लेन्सचा चेहऱ्याशी संबंध जोडला जातो, याचे कारण छायाचित्रकाराची सवय. हातात असेल त्या लेन्सने तो चौकट भरायला बघतो आणि त्यासाठी पुढे-मागे होतो. डोके आणि खांदे मावतील अशी सुमारे ६५ सेंटिमीटर उंचीची उभी चौकट हवी असेल, तर ३६×२४ मिमीच्या फ्रेमवर ३५ मिमी लेन्सने सुमारे ६३ सेंटिमीटरवर जावे लागते, ५० मिमीने ९० सेंटिमीटरवर, ८५ मिमीने दीड मीटरवर, १०५ मिमीने १.९ मीटरवर आणि १३५ मिमीने जवळपास २.४ मीटरवर. पुस्तकातला ८५ ते १३५ हा पल्ला म्हणजे प्रत्यक्षात दीड ते अडीच मीटरचा पल्ला आहे.

या अंतरांना आणखी एक अर्थ आहे. दीड मीटर म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर बसून निवांत बोलण्याचे अंतर. तिथे आवाज चढवावा लागत नाही आणि समोरच्याला आपल्या अंगावर कोणी आल्यासारखेही वाटत नाही. ९० सेंटिमीटरवर घरचा माणूस मोकळा राहतो, पण अनोळखी माणूस अंग चोरतो. खांदे किंचित वर येतात, हनुवटी आत जाते, आणि ते फोटोत हटकून दिसते. २.४ मीटरवर घरात बोलणे जमते, पण गांधी बझारच्या रस्त्यावर रिक्षांच्या आवाजात ओरडून सांगावे लागते, आणि ओरडून सांगितलेल्या सूचनेला चेहरा तसाच ताणून उत्तर देतो. रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात सावलीत, पांढऱ्या कागदापुढे माणसे उभी करून ८×१० इंची कॅमेऱ्यावर कृष्णधवल चित्रे काढली. ती काढताना ते कॅमेऱ्यामागे न थांबता शेजारी उभे राहत. समोरच्या माणसाशी नजर आणि बोलणे तुटू न देण्याचा तो मार्ग होता.

चेहऱ्यानुसारही अंतर बदलते. लांब नाकाच्या, निमुळत्या चेहऱ्याला दोन मीटर आणि पुढचे अंतर मानवते. गोल, भरलेला चेहरा त्या अंतरावरून अधिकच पसरट वाटतो. त्याला एक-सव्वा मीटरवरून थोडा उठाव मिळतो. ५० मिमी लेन्सने अशा चेहऱ्याचे छातीपर्यंतचे चित्र त्या अंतरावरून घेता येते, आणि ते १३५ मिमीने दुरून घेतलेल्या चित्रापेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

बसवनगुडीचा प्रकाश

व्यक्तिचित्रासाठी उत्तरेची खिडकी उत्तम, हा नियम युरोपातल्या चित्रकारांच्या स्टुडिओतून छायाचित्रणात आला. पॅरिस किंवा लंडनच्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो, त्यामुळे तिथे उत्तरेच्या खिडकीतून दिवसाच्या मुख्य भागात फक्त आकाशाचा मऊ, एकसारखा उजेड येतो. बंगळूर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे एप्रिलच्या अखेरीस सूर्य डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत माध्यान्हीला तो उत्तरेकडे झुकलेला असतो. या काळात सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येते आणि नियम मोडतो. उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५४ अंशांच्या आसपास, दक्षिणेला असतो. दक्षिणेच्या ओट्यावर ऊन खोलवर येते आणि उत्तरेची बाजू दिवसभर शांत राहते. म्हणून बसवनगुडीत खिडकीची दिशा विचारण्याआधी महिना विचारावा लागतो.

डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते. अशा वेळी उघड्यावर कोणतीच लेन्स उपयोगी पडत नाही. माणसाला छपराखाली घ्यावे लागते. झाडांच्या सावलीची अडचण वेगळी. इथल्या रस्त्यांवरच्या मोठ्या झाडांखाली पानांतून ठिबकणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात. रंगीत फोटोत ते खपून जातात, कृष्णधवलमध्ये मात्र ते त्वचेवरच्या पांढऱ्या डागांसारखे दिसतात. जून ते सप्टेंबर ढगांचे दिवस. आकाश म्हणजे एक मोठा मऊ दिवा होतो, मोकळ्यावरही काम करता येते, आणि मग छायाचित्रकाराला हवे तेवढे अंतर घेता येते. लांब लेन्सचे दिवस ते हेच. बाकीच्या महिन्यांत चांगला प्रकाश छपराच्या कडेशी, खिडकीशी आणि ताडपत्रीखाली असतो. या तिन्ही जागा अरुंद, म्हणून तिथे लेन्सही आखूड लागते.

ओटा आणि खोली

एका क्रॉस रोडवरचा जुन्या घराचा ओटा उदाहरणादाखल घेऊ. रुंदी पाच फूट, लांबी तेरा-चौदा फूट, जमीन तांबड्या ऑक्साइडची, भिंत चुन्याने रंगवलेली, खाली अंगणात उतरायला तीन पायऱ्या. भिंतीला पाठ लावून खुर्चीवर एक आजी बसल्या आहेत. प्रकाश समोरून, अंगणाकडून येतो. मऊ पण सपाट. छायाचित्रकार ओट्यावरच उभा राहिला तर त्याला जेमतेम एक मीटर अंतर मिळते. ५० मिमी लेन्समध्ये आजी छातीपर्यंत मावतात, पण कॅमेरा त्यांच्या नजरेच्या वर राहतो आणि कपाळ मोठे दिसते. तीन पायऱ्या खाली उतरल्यावर गणित बदलते. साधारण सहा इंचांची एक, अशा तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. मध्यम उंचीचा माणूस अंगणात उभा राहिला की त्याचा डोळा ओट्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीत येतो. वाकावे लागत नाही, गुडघे टेकावे लागत नाहीत. तिथून अंतर सुमारे २.४ मीटर. ८५ मिमी लेन्सने डोक्यापासून मांडीवर ठेवलेल्या हातांपर्यंतचे चित्र मिळते, १३५ मिमीने फक्त डोके आणि खांदे.

आता खुर्ची भिंतीच्या समांतर फिरवली, म्हणजे आजींचे तोंड ओट्याच्या एका टोकाकडे झाले, की प्रकाश बाजूने येऊ लागतो. अंगणाकडचा गाल उजळ, भिंतीकडचा गाल सावलीत. पण चुन्याची भिंत त्या सावलीत परतीचा उजेड टाकते आणि हनुवटीखाली जमिनीवरून थोडा उजेड येतो. सुरकुत्या, डोळ्यांभोवतीच्या रेषा, लुगड्याचा पोत या सगळ्यांना आकार येतो. छायाचित्रकाराला ओट्याच्या लांबीतून तीन मीटरपर्यंत मागे जाता येते. ८५ मिमीची खरी जागा ही. आजींच्या पाठीमागे ओट्याचे दुसरे टोक, तिथे उघड्या दारातला काळोख असेल तर पांढरे केस त्यावर आपोआप सुटे होतात. "आजी, जरा अंगणाकडे बघा," एवढे सांगितले की डोळ्यांत आकाशाचा ठिपका येतो. त्यापुढे सूचना न देता गप्पा मारत राहिलेले बरे.

घराच्या आत गेल्यावर लांब लेन्स बॅगेतच राहते. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि देव्हारा असतो. मोकळी जागा जेमतेम दोन मीटर उरते. गजांच्या खिडकीजवळ बसलेल्या माणसाचे मांडीपर्यंतचे चित्र ५० मिमीने दीड मीटरवरून मिळते. पूर्ण बसलेला माणूस आणि त्याच्याभोवतीची खोली हवी असेल, तर ३५ मिमीने दोन मीटरवरून सुमारे दोन मीटर उंच आणि १.४ मीटर रुंद एवढा भाग येतो. चेहऱ्यापासूनचे अंतर दोन मीटर असल्यामुळे ३५ मिमी लावूनही नाक बिघडत नाही. फक्त चेहऱ्याला काठाशी नेऊ नये, कारण रुंद लेन्सच्या कडेला डोके ताणले जाते.

खोलीसकट माणूस दाखवण्याची परंपरा भारतीय छायाचित्रणात जुनी आहे. दयानिता सिंग यांनी ६×६ सेंटिमीटरच्या चौकोनी फिल्मवर शहरी कुटुंबांची कृष्णधवल चित्रे काढली. प्रबुद्ध दासगुप्ता यांच्या २००९ च्या 'एज ऑफ फेथ' या पुस्तकात गोव्यातल्या कॅथलिक समाजाची कृष्णधवल चित्रे आहेत. अशा चित्रांत भिंत, खुर्ची, तसबिरी या माणसाइतक्याच बोलतात, आणि लेन्स निवडताना आधी विचार करावा लागतो तो त्यांचाच. चौकोनी फिल्मवर ८० मिमी ही नेहमीची लेन्स. एक मीटरवरून तिच्यात ७० सेंटिमीटरचा चौकोन मावतो. दोन लेन्सच्या यशिका किंवा रोलायकॉर्डमध्ये वरून खाली मान घालून पाहावे लागते. कॅमेरा छातीच्या उंचीवर राहतो आणि बसलेल्या माणसाच्या नजरेला नजर मिळते, हा त्या कॅमेऱ्यांचा अरुंद खोलीतला मोठा फायदा.

बाजार आणि जत्रा

गांधी बझारात ताडपत्रीखाली बसलेल्या फूलवाल्या मोगरा हाताने मोजून देतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ. माळ मोजताना हात पुढे येतो आणि चेहरा मागे राहतो. समजा चेहरा कॅमेऱ्यापासून १.२ मीटरवर आहे आणि हात त्याच्या ४० सेंटिमीटर पुढे. तर हात ८० सेंटिमीटरवर येतो आणि चेहऱ्याच्या मानाने दीडपट मोठा उमटतो. ३५ मिमी लेन्सने या अंतरावरून सव्वा मीटर उंचीचा भाग दिसतो, त्यात टोपली, हात, चेहरा सगळे येते. पण चित्र हाताचे होते, चेहरा दुय्यम ठरतो. तोच प्रसंग २.४ मीटरवरून घेतला तर हात दोन मीटरवर असतो आणि चेहऱ्याच्या १.२ पट एवढाच मोठा दिसतो. ८५ मिमीने तिथून एक मीटर उंचीची चौकट मिळते. हात हाताच्या जागी, चेहरा चेहऱ्याच्या जागी. मात्र त्या २.४ मीटरमधून सतत गिऱ्हाइके जातात. म्हणून सकाळी दुकान मांडले जात असताना ८५ मिमी आणि गर्दी झाल्यावर ३५ किंवा ५० मिमी, अशी विभागणी सोयीची पडते.

ताडपत्री निळी असली तर रंगीत फोटोत चेहरे निळे पडतात. कृष्णधवलमध्ये ही अडचण उरत नाही. उरतो तो वरून झिरपणारा मंद, मऊ प्रकाश. त्यात डोळ्यांच्या खोबणी गडद होतात, पण खाली ओल्या कापडावर मांडलेली पांढरी फुले थोडा उजेड वर टाकतात. त्यामुळे शेवंतीच्या ढिगापेक्षा मोगऱ्याच्या ढिगामागचा चेहरा अधिक उजळ येतो.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग आणि त्यांच्यामागे विक्रेते. इथे अंतर निवडायला वावच नसतो. ढिगापलीकडे उकिडवे बसले की चेहरा १.२ मीटरवर येतो. माणूस आणि त्याचा माल एकत्र हवा तर ३५ मिमी, फक्त माणूस हवा तर ५० मिमी. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिअर-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर मुख्यतः ५० मिमीवर काम केले. माणूस आणि त्याचा परिसर यांचा तोल तिच्यात सहज साधतो, आणि लेन्स बदलण्यात प्रसंग निसटत नाही. म्हैसूरचे छायापत्रकार टी. एस. सत्यन (१९२३-२००९) यांच्या कृष्णधवल चित्रांतही साधी माणसे त्यांच्या रोजच्या कामात आणि रोजच्या जागेत दिसतात.

विद्यार्थी भवनसारख्या १९४३ पासून चालत आलेल्या उपाहारगृहात जागा त्याहून कमी. एका हातावर दोशांच्या थाळ्यांची चळत तोलत वेटर टेबलांमधून वाट काढतो. तिथे ३५ मिमी लावून एका जागी थांबावे आणि तो दीड-दोन मीटरवर आला की शटर दाबावे, हेच शक्य असते. अर्थात परवानगी आधी घेऊन, आणि कामाच्या आड न येता.

अ‍ॅपर्चर आणि शटर

१८४० मध्ये योझेफ पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रासाठी मुद्दाम लेन्स आखली, तेव्हा तिचे महत्त्व फोकल लेंग्थमुळे नव्हते. त्या काळच्या लेन्सच्या तुलनेत ती कितीतरी अधिक प्रकाश आत घेई, आणि त्यामुळे माणसाला स्थिर बसवून ठेवण्याचा वेळ कमी झाला. नैसर्गिक प्रकाशात आजही हा हिशेब सुटलेला नाही.

आयएसओ ४०० च्या फिल्मवर खोल ओट्यावर एफ २.८ ला साधारण १/२५० सेकंद मिळतो. खिडकीपासून थोडे आत गेले की तोच १/६० वर येतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा जुना ठोकताळा असा की शटरचा वेग फोकल लेंग्थच्या आकड्याहून कमी नसावा. म्हणजे १/६० ला ५० मिमी चालते, ८५ मिमी हलते, १३५ मिमीचा तर विचारच नको. खोलीत आखूड लेन्स लागण्याचे हे दुसरे कारण. फिल्मच्या दिवसांत उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' किंवा बाहेरून आलेली फिल्म घालून छायाचित्रकार याच मर्यादेत काम करीत. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ १६०० सहज लावता येत असल्याने ही अट सैल झाली आहे, पण समोरचा माणूसही हलतो. बोलणाऱ्या चेहऱ्याला १/१२५ तरी हवा, लेन्स कोणतीही असो.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडण्याचा मोह ८५ मिमीवर जास्त होतो. दीड मीटरवर एफ १.८ ला तीक्ष्ण भागाची खोली जेमतेम ३ सेंटिमीटर असते. एका डोळ्यावर फोकस केला आणि चेहरा किंचित वळलेला असला की दुसरा डोळा मऊ पडतो. एफ ४ ला ही खोली ७ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि दोन्ही डोळे, नाक, ओठ सांभाळले जातात. चौकट तेवढीच ठेवली तर ५० मिमीवरही त्याच अ‍ॅपर्चरला ही खोली जवळपास तेवढीच असते. लेन्स बदलल्याने बदलते ती पार्श्वभूमी.

रंग गेल्यावर पार्श्वभूमी

कृष्णधवलमध्ये फोकल लेंग्थचे खरे काम इथे सुरू होते. रंगीत चित्रात तांबडे लुगडे हिरव्या झाडीवर सुटे दिसते. कृष्णधवलमध्ये दोन्ही एकाच करड्या छटेत उतरू शकतात आणि माणूस मागच्या झाडीत मिसळून जातो. त्याला वेगळे काढायला छटेतला फरक आणि तीक्ष्णपणातला फरक एवढीच दोन साधने उरतात, आणि दोन्हींवर लेन्सची सत्ता चालते.

डोके-खांद्यांची तीच चौकट घेऊन, माणसाच्या मागे पाच मीटरवर घराची दर्शनी बाजू आहे असे समजू. ३५ मिमीत त्या दर्शनी भागाची जवळजवळ ३.९ मीटर रुंदी येते: दार, खिडकी, कुंड्या, मीटरची पेटी, सगळे. ५० मिमीत २.८ मीटर, ८५ मिमीत १.८ मीटर आणि १३५ मिमीत फक्त १.३ मीटर. म्हणजे १३५ मिमीमध्ये डोक्यामागे एकच उघडे दार बसवता येते आणि एक पाऊल डावीकडे सरकले की दाराच्या काळोखाऐवजी चुन्याची भिंत येते. गोऱ्या, पिकल्या केसांच्या माणसाला दार, गडद त्वचेच्या माणसाला भिंत, ही निवड लांब लेन्सने एका पावलात होते. आखूड लेन्सने ती करायची तर माणसालाच उठवून दुसरीकडे बसवावे लागते, आणि मग प्रकाश हातचा जातो. बसवनगुडीतल्या बुगल रॉकच्या करड्या खडकासारखी सपाट, मध्यम छटेची पार्श्वभूमी मिळाली तर कोणतीही लेन्स चालते. कारण तिथे उजळ आणि गडद दोन्ही त्वचा आपापल्या जागी दिसतात.

प्रकाशमापनावरही चौकटीचा परिणाम होतो. पांढरे पंचे आणि उपरणे घेतलेल्या गृहस्थांचे ३५ मिमीने पूर्ण चित्र घेतले की चौकटीत पांढऱ्याचा भाग मोठा होतो, कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि चेहरा काळा पडतो. ८५ मिमीने खांद्यापर्यंतची चौकट घेतली की पांढरे कमी होते आणि मीटर चेहऱ्याच्या जवळ येतो. म्हणून आखूड लेन्स लावली तरी मापन जवळ जाऊन चेहऱ्यावरूनच करावे आणि मग मागे यावे.

जवळच्या चौकटीत कपाळही मोठे होते, आणि बसवनगुडीत कपाळ क्वचितच रिकामे असते. कुंकू, अय्यंगारांचे उभे नाम, माध्वांचे गोपीचंदन आणि अंगार-अक्षता यांच्या छटा फिल्टरप्रमाणे बदलतात. लाल फिल्टरने गव्हाळ त्वचा उजळते, डाग पुसट होतात, पण तांबडे कुंकू त्वचेत जवळपास विरून जाते आणि ओठ फिके पडतात. हिरव्या फिल्टरने कुंकू काळे होते, ओठांना आकार येतो, मात्र त्वचा गडद आणि खडबडीत दिसते. तांबड्याला न जुमानणाऱ्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर काढलेल्या चित्रांत कुंकू असेच काळे दिसते. पिवळा-हिरवा फिल्टर हा मधला मार्ग. डिजिटल फाइल कृष्णधवल करताना हीच निवड लाल आणि हिरव्या चॅनेलच्या प्रमाणाने नंतर करता येते. ३५ मिमीच्या पूर्ण चित्रात कुंकू एक ठिपका असते आणि हा फरक जाणवत नाही. १३५ मिमीच्या चौकटीत सगळी नजर आधी तिथेच जाते.

निवडीचा व्यवहार

बसवनगुडीसारख्या वस्तीत दिवसभर फिरायचे असेल तर दोन लेन्स पुरतात: ३५ मिमी आणि ८५ मिमी. खोली, उपाहारगृह आणि जत्रा पहिलीला. ओटा, अंगण आणि पावसाळी दिवस दुसरीला. एकच न्यायची असेल तर ५० मिमी. तिने खोलीत मांडीपर्यंतचे आणि ओट्यावर छातीपर्यंतचे चित्र मिळते, ती हलकी असते, स्वस्त असते आणि एफ १.८ ला उघडते. तिने डोके-खांद्यांची चौकट हवी असेल तर ९० सेंटिमीटरवर न जाता दीड मीटरवरून घेऊन प्रिंट करताना कापावी. चेहऱ्याची ठेवण दीड मीटरचीच राहते. १३५ मिमी ज्याला पार्श्वभूमीवर ताबा हवा आहे आणि ज्याच्यापाशी मोकळी जागा व भरपूर उजेड आहे, त्याच्यासाठी. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हे आकडे दीडने भागावेत: ५० मिमीच्या जागी ३५, ८५ च्या जागी ५६ च्या आसपास. ५० मिमी लेन्स तिथे ७५ सारखी वागते आणि ओट्यावरच्या कामाला पुरेशी ठरते.

झूम लेन्स सोयीची असली तरी शिकणाऱ्याने तिच्यापासून काही काळ लांब राहावे, कारण ती अंतराचा विचार करू देत नाही. पाय जागीच राहतात आणि चौकट फिरत राहते. वापरायचीच असेल तर आधी प्रकाश पाहून माणसाला बसवावे, चेहरा नीट दिसेल आणि बोलणे सुरू राहील एवढ्या अंतरावर उभे राहावे, मागे काय येते ते तपासावे, आणि त्यानंतरच झूमची रिंग फिरवावी.